माळढोकचा कायदा आणि आमचा सातबारा

कुसळी (धागाकर्ता)

परवा कपाट आवरताना वडिलांच्या फायलीत जुना सातबारा सापडला. 'इतर हक्क'च्या रकान्यात निळ्या शाईनं माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याची नोंद. एक ओळ फक्त. पण ती ओळ माझ्याहून वयानं मोठी आहे आणि घरात तिचा मान माझ्यापेक्षा जास्त होता.

आम्ही उत्तर सोलापूर तालुक्यातले. गावाचं नाव नको. आत्याच्या लग्नाला आजोबांनी दोन एकर विकायला काढले. गिऱ्हाईक ठरलं, इसार घेतला, आणि खरेदीच्या दिवशी कळलं की ही जमीन विकता येत नाही. का? तर माळढोक. इसार परत द्यावा लागला, लग्न व्याजाच्या पैशावर झालं. आत्या आजही माळढोकचं नाव निघालं की तोंड फिरवते.

१९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं. नान्नज परिसरात हे पक्षी आहेत हे सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी सरांनी लोकांपुढं आणलं, ते काम मोठंच. पण अभयारण्याचं क्षेत्र किती ठरवलं? ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्खा गोवा ३,७०२ चा आहे. म्हणजे दोन गोवे बसवून वर हजारभर शिल्लक. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, पलीकडं नगरचे कर्जत, श्रीगोंदा. गावं, बाजारपेठा, रस्ते, विहिरी, सगळं अभयारण्यात. आमच्या गावची पिठाची गिरणीसुद्धा कागदावर अभयारण्यात दळत होती.

आता मुद्द्याचं. आजोबा सांगायचे, पूर्वी औत धरलं की कधीतरी मादी समोरून चालत निघून जायची. मग बघायचं, अंडं कुठंय. एकच असतं. घरटं वगैरे काही नाही, उघड्या भुईवर. मातकट हिरवं, त्यावर तपकिरी डाग, दोन हातांवरून गेलात तरी दिसणार नाही. आजोबा त्याच्याभोवती चार दगड मांडायचे, म्हणजे गड्याला कळावं, आणि तेवढा तुकडा तसाच सोडून पुढं जायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं.

सातबाऱ्यावर नोंद चढल्यावर त्याच आजोबांनी सगळा कुसळीचा माळ नांगरून काढला. बरड जमीन, चार वर्षं तर काही पिकलं नाही. तरी नांगरली. कारण गावात बोलवा होती की पडीक ठेवली आणि त्यावर पक्षी दिसला तर फॉरेस्टवाले उरलेलंही घेतील.

मी पक्षीविरोधी नाही. पण नामशेष होणाऱ्या प्राण्यांसाठी आपण जे कायदे करतो ते नक्की कुणाला अडवतात, हे जाणकारांनी समजावून सांगावं.

अबोली_के

वाचून वाईट वाटलं. पण त्या बिचाऱ्या पक्ष्याची काय चूक? सलीम अलींना माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हायला हवा होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. तेव्हा माळढोकला मिळाला असता तर आज ही वेळ आली नसती. देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. थोडी गैरसोय सोसायला काय हरकत आहे?

कुसळी

ताई, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पारवा बसला म्हणून फ्लॅट विकायला तीस वर्षं बंदी घातली, तर तुम्ही पारव्याला दाणे टाकाल का? राग मानू नका. 'थोडी गैरसोय' हा शब्द जरा लागला.

टाइमपास_राव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नोटरी_नाना

कुसळी, प्रश्न चांगला विचारलात. वकिली करतो, वन्यजीवांच्या केसेस फारशा नाहीत, पण जमिनीच्या पुष्कळ केल्या आहेत. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आपला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. लोक त्याला एक कायदा समजतात, पण एकाच पुठ्ठ्यात दोन कायदे बांधलेत. एक मारणाऱ्यासाठी, एक जमिनीसाठी.

मारणाऱ्यासाठीचा चोख आहे. कलम ९ ने शिकारीला बंदी. 'शिकार' म्हणजे गोळी घालणंच नव्हे, तर पकडणं, हुसकावणं, अंडं फोडणं, अंड्याला धक्का लावणंसुद्धा त्यात येतं. तुमच्या आजोबांचे चार दगड कायद्यात चांगले बसतात म्हणायचे! माळढोक पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. किमान दंड दहा हजार होता, २०२२ च्या दुरुस्तीनं पंचवीस हजार झाला. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधी सहा अनुसूच्या होत्या, आता चार आहेत. चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारासाठी.

दुसरा, जमिनीचा. कलम १८ खाली सरकार अभयारण्याचा इरादा जाहीर करतं. तो जाहीर झाला की कलम २० लागतं: त्या जमिनीत नवा हक्क कुणालाही मिळवता येत नाही, वारसाहक्क तेवढा सोडून. तुमची खरेदी अडकली ती इथं. आता कायद्याची कल्पना काय होती? ही स्थगिती थोड्या काळापुरती. कलेक्टरनं चौकशी करायची, कुणाचे काय हक्क आहेत ते लिहून घ्यायचे, काही मोबदला देऊन घ्यायचे, काही चालू ठेवायचे, आणि मग अंतिम अधिसूचना काढायची. प्रत्यक्षात देशभर पहिली पायरी चढून लोक तिथंच बसले. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये राज्यांना सांगितलं की ही चौकशी वर्षभरात उरका. तोवर कित्येक अभयारण्यांना दोन-दोन दशकं झाली होती.

म्हणजे पक्षी वाचवायला तुमची जमीन घेतलीही नाही आणि सोडलीही नाही. घेतली असती तर पैसे द्यावे लागले असते. माझ्या मते कलम वाईट नाही, ते अर्धवट राबवणं वाईट.

कुसळी

नाना, तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. मग २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, ते इतक्या उशिरा का?

नोटरी_नाना

कारण उलटा रस्ता मुद्दाम कठीण ठेवलाय. अभयारण्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, आणि २००० सालच्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयाची परवानगीही. हे असायलाच हवं, नाहीतर प्रत्येक आमदार आपल्या मेव्हण्याच्या खाणीपुरती हद्द सरकवेल. फक्त ज्या कुलपाची किल्ली इतकी लांब ठेवायची, ते लावताना दार तरी नीट बघून लावावं.

चकोट

अवांतर: नान्नज म्हटलं की आम्हाला सोनाका द्राक्ष आठवतं. ते वाण तिथलंच, नानासाहेब काळ्यांनी काढलेलं. पक्षी एकीकडं, मांडव एकीकडं.

कुसळी

अवांतर नाही ओ हे. तोच तर मुद्दा. पाणी आलं, मांडव आले, तारेची कुंपणं आली. यातली कुठलीच गोष्ट शिकार नाही.

सौर_सदाशिव

मी मूळचा बार्शीचा, सध्या जैसलमेरला सोलर प्रकल्पावर. इकडं या पक्ष्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. इकडं भांडण जमिनीचं कमी आणि तारांचं जास्त. आणि तारांच्या बाजूनं पगार घेणारा मी आहे, त्यामुळे थोडं सांभाळून लिहितो.

पक्षी मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत. डोळे डोक्याच्या बाजूंना. उडताना समोरचं नीट दिसत नाही, त्यातून अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. दुपारी इथं धुळीत आणि झळांत उभे राहा आणि दीडशे मीटरवरची तार शोधून दाखवा. मला दिसत नाही, आणि मला ती कुठं आहे हे माहीत असतं.

एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. हेच गृहस्थ १९७२ च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांत होते. १९ एप्रिल २०२१ ला आदेश आला: राजस्थान-गुजरातच्या माळढोक पट्ट्यात तारा जमिनीखालून न्या, जिथं शक्य नाही तिथं तज्ज्ञ समितीला विचारा, आणि तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. पट्टा साधारण ९९,००० चौरस किलोमीटरचा. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) लाइन जमिनीखाली नेता येते, खर्च होतो पण येते. ४०० केव्हीची लाइन शेकडो किलोमीटर केबलनं न्यायची ही वेगळीच गोष्ट, त्यात विजेचं नुकसान आणि जोडांचे बिघाड.

सरकारनं आदेश बदलून मागितला. २१ मार्च २०२४ ला न्यायालयानं तो सरसकट आदेश मागं घेतला, पुन्हा समिती नेमली, आणि अग्रक्रमाचं क्षेत्र म्हणून राजस्थानचे १३,१६३ आणि गुजरातचे ५०० चौरस किलोमीटर समितीपुढं ठेवले. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे असंही म्हटलं. एका पारड्यात पक्षी, दुसऱ्यात कोळसा न जाळता केलेली वीज. दोन्ही 'पर्यावरण'च.

चकत्यांबद्दल प्रामाणिक मत: काही नसण्यापेक्षा बऱ्या. पण वारा-वाळूत फिरून फिरून निखळतात, आणि निखळलेली पुन्हा लावायला शटडाउन लागतो. शटडाउन कोण देतो?

टाइमपास_राव

म्हणजे शेतकऱ्याची दोन एकर अडकली तीस वर्षं, आणि कंपनीची तार अडकली तीन वर्षं. हिशोब बरोबर आहे ना?

सौर_सदाशिव

राव, टाइमपास म्हणून लिहिलंत पण वर्मावर बोट ठेवलंत. आमच्याकडं वकील होते, कुसळींच्या आजोबांकडं नव्हता.

पशुवैद्य_तळा

रायगडात गुरांचा डॉक्टर आहे. माळढोक पाहिलेला नाही, पण गिधाडांचं सांगतो, कारण ती गोष्ट उलटी आहे.

नव्वदच्या दशकापासून गिधाडं पडायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त गेली. आता गिधाडाला हात लावला तर शिक्षा आहेच. पण हात लावत होतं कोण? आम्ही. नकळत. बैलाचा खांदा सुजला की डायक्लोफेनॅक टोचायचं, स्वस्त औषध, दुसऱ्या दिवशी बैल जुवाखाली. ज्या जनावराला गुण यायचा नाही ते मरायचं, माळावर टाकलं जायचं, गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. मेलेलं गिधाड उघडलं तर आत काळजावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. त्याला वन्यजीव कायदा लागला नाही, औषधांचा कायदा लागला.

बंदीनंतर काय झालं तेही लिहितो. माणसांसाठीची ३० मिलीची बाटली मेडिकलमध्ये मिळायची, तीच गोठ्यात यायची. माणसाला लागतं ३ मिली. बाटली एवढी मोठी कशाला, हे न समजायला कुणी खुळा नव्हता. २०१५ मध्ये सरकारनं सांगितलं, इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसमध्येच विका. बैलाला तेवढ्यात काय होणार? पाच-सहा फोडत बसावं लागतं. २०२३ ला अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही बंद केलं, कारण पहिलं जनावराच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. आम्ही आता मेलॉक्सिकॅम वापरतो, गुण तोच.

एवढं करून गिधाडं परत भरून आली असं नाही. पण कुठल्याही शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर काही चढलं नाही. बाटलीचं माप बदललं.

अबोली_के

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. थांबून दोनदा वाचलं.

नदीकाठची

मी अमेरिकेत, टेनेसीत नॉक्सव्हिलला राहते. इथून तासाभरात टेलिको धरण आहे, आणि या देशातला नामशेष होणाऱ्या प्राण्यांचा कायदा समजून घ्यायचा तर ते बघावं. १९७३ चा कायदा, आपल्यापेक्षा एक वर्षानं लहान. धरण जवळजवळ बांधून झालं होतं, आणि नदीत एक मासा सापडला, स्नेल डार्टर. आपल्या बोटाएवढा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवलं. कायद्यात किमतीचा विचार करायची मुभाच नाही, असं म्हणून. पुढच्याच वर्षी इथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, खर्चाच्या विधेयकाला शेपटी जोडून त्या एका धरणाला कायद्यातून वगळलं. दारं बंद झाली, पाणी चढलं. मासे आधीच दुसऱ्या नद्यांत सोडले होते, ते जगले. २०२२ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतूनही बाहेर आले. आता त्या तळ्याकाठी सुंदर बंगले आहेत.

पण कुसळी, तुम्हाला सांगायचंय ते दुसरंच. इथं एक सुतार पक्षी आहे, रेड-कॉकेडेड. जुन्या, जिवंत पाइनमध्येच ढोली करतो. साठ-सत्तर वर्षांचं झाड लागतं. तो यादीत आल्यावर नॉर्थ कॅरोलायनात जमीनवाल्यांनी काय केलं? झाडं मोठी व्हायच्या आतच तोडायला लागले. झाड जुनं झालं तर सुतार येणार, सुतार आला तर सरकार येणार. तुमच्या आजोबांचा नांगर आणि त्यांची करवत, फरक नाही.

१९९५ मध्ये तिथं करार निघाले. म्हणणं साधं: आज तुमच्या रानात सुताराची जेवढी बिऱ्हाडं आहेत तेवढी सांभाळा. तुम्ही रान राखलंत आणि बिऱ्हाडं वाढली, तर वाढलेल्यांपायी तुमच्यावर नवं बंधन येणार नाही. हे लेखी. लोकांनी झाडं ठेवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये त्या पक्ष्याचा दर्जा 'धोक्यात' वरून एक पायरी सौम्य झाला. एकट्या या करारांमुळं नाही, लष्कराच्या जमिनींवरही खूप काम झालं. पण करवत थांबली, हे खरं.

कुसळी

'वाढलेल्यांपायी नवं बंधन नाही, हे लेखी.' एवढं वाक्य १९७९ ला कुणी आमच्या चावडीवर वाचून दाखवलं असतं तर! नाना, आपल्या कायद्यात असं काही आहे का?

नोटरी_नाना

जवळ जाणारं आहे, तेच नाही. २००२ च्या दुरुस्तीनं कलम ३६-ग (36C) आलं, त्यात 'सामुदायिक राखीव क्षेत्र'. खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर, लोकांनी स्वतः पुढं आलं तर. जमीन तुमचीच राहते, समितीत गावातले लोक. पण एकदा जाहीर झालं की वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी. म्हणजे आत जायचं दार तुमच्या हातात, बाहेर यायचं नाही. ज्याचे एकदा हात पोळलेत तो कशाला जाईल?

आणखी एक. आपल्याकडं 'जंगल' म्हणजे झाडं. माळ म्हणजे पडीक, सरकारी दप्तरातही पडीक. पडीक म्हटलं की कुणाचाही हात शिवशिवतो: एमआयडीसी, सोलर, वृक्षारोपण.

मेंढका

वृक्षारोपणाचं बरोबर बोललात. नान्नजच्या बाजूला माळावर झाडं लावली, वर पुन्हा चराईबंदी. माळढोकला झाड नको असतं, त्याला लांबपर्यंत बघायचं असतं. गवत गुडघ्याच्या वर गेलं तरी तो तिथं थांबत नाही. आमची मेंढरं गवत बेताचं ठेवायची. आम्हाला बाहेर काढलं. मग काळवीट वाढलं, लांडगं राहिलं, ढोक गेला. आम्ही चार पिढ्या त्याच माळावर. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

अबोली_के

मेंढका, गवताची उंची, कुठल्या महिन्यात मेंढरं कुठं, हे सविस्तर लिहाल का? खरंच हवंय. वेगळा धागा काढलात तरी चालेल.

मेंढका

दिवाळीनंतर. आत्ता वाडा कोकणाच्या वाटंवर हाय.

टाइमपास_राव

एवढ्या चर्चेत एक विचारायचं राहिलं. करेऱ्याचं काय झालं ते कुणाला माहीत आहे का? मध्य प्रदेशात, शिवपुरी जिल्हा. मामाची बदली होती तिकडं.

नोटरी_नाना

राव, तुम्ही छुपे रुस्तुम निघालात. १९८१ ला माळढोकसाठीच अभयारण्य. जमिनीची खरेदी-विक्री बंद, काळविटं पिकात, लोक वैतागलेले. नव्वदच्या दशकात पक्षी संपला. पक्षी गेल्यावरही कितीतरी वर्षं निर्बंध तसेच. ज्याच्यासाठी कुलूप लावलं तो घरात नव्हता, आणि कुलूप मात्र शाबूत होतं.

सौर_सदाशिव

जाता जाता एक बरी बातमी. इकडं समला आणि रामदेवऱ्याला प्रजनन केंद्रं आहेत. रानातली अंडी आणून यंत्रात उबवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनानं पहिलं पिल्लू झालं. पिल्लं वाढताहेत. सोडायची कुठं, हा प्रश्न आहेच. त्याला माळ लागेल.

चकोट

कुसळी, तुम्ही स्वतः कधी पाहिलाय का?

कुसळी

एकदा. २००८, जून. पहिला पाऊस पडून गेला होता, वडिलांच्या मागं मोटारसायकलवर बसून रानात चाललो होतो. आमच्याच बांधापलीकडं नर उभा. गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवून पार गुडघ्यापर्यंत सोडलेली, शेपूट पाठीवर उलटी. आणि तो आवाज. ऐकू येण्याआधी छातीत जाणवतो. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला हूम म्हणायची, ते का, ते तेव्हा कळलं.

वडिलांनी गाडी बंद केली. दहा-पंधरा मिनिटं आम्ही तसेच. मग त्यांनी गाडी ढकलत लांब नेली आणि चालू केली. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "कुणाला बोलू नगंस. आपल्या रानात आला होता म्हणून."

नोटरी_नाना

इथं लिहिलंत ते ठीक, पण गट नंबर टाकू नका हो.

कुसळी

टाकला तरी चालतंय नाना. ते क्षेत्र २०१२ ला सुटलं. आता प्लॉटिंग आहे तिथं.